फ्लूची लस घेतली आणि म्हणूनच फ्लू झाला – खरंच होतं का असं?

पागोळी | १८ मे २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आई ७१ वर्षांची, मधुमेह पंधरा वर्षांपासून. बाबा ७६, दम्याचा त्रास, इन्हेलर कायम खिशात. परवा नेहमीच्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, पावसाळा तोंडावर आलाय, दोघांनाही फ्लूची लस देऊन टाका. मी हो म्हणून आले. घरी सांगितलं तर आईने दोन वाक्यांत विषय संपवला. "२०१९ ला ह्यांनी घेतली होती. तिसऱ्या दिवशी ताप चढला नि तीन आठवडे खोकत होते. तू तेव्हा बेंगळुरूला, तुला काय माहीत!"

मग मी अवदसा आठवल्यासारखं घरच्या ग्रुपवर विचारलं. अर्ध्या तासात मावसभाऊ म्हणाला की या लसीने जीबीएस, म्हणजे हातापायांतली ताकद जाणारा गिलान-बारे आजार होतो (आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो, जानेवारीत इथेच त्याची साथ होती, तेव्हापासून ती तीन अक्षरं ऐकली तरी घशाला कोरड पडते). वहिनी म्हणाली त्यात अंडं असतं. काका म्हणाले कोविडचे तीन डोस झालेत, आता कशाला. आत्याच्या मते ही लहान मुलांची लस, तिच्या नातवाला दीड महिन्याचा असतानाच दिली होती. आणि दाजींनी हिशोब मांडला की माणशी अठराशे रुपयांत वर्षभराचा काढा होतो.

यातलं खरं काय, ऐकीव काय? 'डॉक्टरांना विचारा' एवढं मात्र सांगू नका, तिथूनच आलेय. तुमच्या घरातले अनुभव हवेत. आणि मुख्य प्रश्न बाबांचा. लसीने फ्लू होतो का?

कंदी_पेढा | १८ मे, रात्री ९:५२

खुर्ची धरून ठेवतोय. काढ्याच्या धाग्यासारखी याचीही शंभरी होणार.

तापमापक | १८ मे, रात्री ११:१५

जनरल प्रॅक्टिसला बावीस वर्षं झाली, त्यातून लिहितो.

आपल्याकडे दंडात देतात त्या लसीतला विषाणू मारलेला असतो, आणि मारून त्याचे तुकडेही केलेले असतात. त्यातून फ्लू होणं शक्य नाही. लशीनंतर एखाद-दोन दिवस कणकण, अंग मोडून येणं, दंड दुखणं होतं, पण तो फ्लू नव्हे. परदेशात अशा चाचण्या झाल्यात की अर्ध्या लोकांना लस टोचली आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी, कोणाला काय दिलं ते कोणालाच सांगितलं नाही. दंड दुखण्याचं प्रमाण लसवाल्यांत जास्त निघालं. ताप, खोकला, नाक गळणं दोन्हीकडे सारखंच.

मग तुमच्या बाबांना ताप का आला? एक तर लस काम करू लागायला साधारण दोन आठवडे लागतात, त्या मधल्या काळात बाहेरचा फ्लू होऊ शकतो. दुसरं म्हणजे सर्दी-खोकल्याचे विषाणू पुष्कळ आहेत आणि ही लस फक्त इन्फ्लुएन्झावर आहे. तिसरं, माणूस टोचायला येतो तेव्हाच कधीकधी आजाराची सुरुवात झालेली असते. लस त्यांनी कोणत्या महिन्यात घेतली होती? जुलैत घेतली असेल तर साथीच्या ऐन मध्यावरच घेतली असं म्हणावं लागेल.

आता थोडी चिडचिड. 'फ्लू' हा शब्द आपण फार स्वस्त केलाय. नाकाला पाणी आलं की फ्लू, जुलाब झाले की 'पोटाचा फ्लू'. पोटाच्या त्या दुखण्याचा इन्फ्लुएन्झाशी काही संबंध नाही. खरा फ्लू झालेला माणूस मला वेळ सांगतो. "डॉक्टर, दुपारी तीनला गाडी चालवत होतो, पाचला जिना चढवेना." सर्दी हळूहळू चढत जाते, फ्लू आदळतो. आणि ज्याने तो एकदा अंगावर काढलाय तो परत कधी साध्या सर्दीला फ्लू म्हणत नाही.

कोथरूडकाका | १९ मे, सकाळी ६:३०

वय ६८. आजवर एकदाही ही लस घेतलेली नाही, एकदाही फ्लू झालेला नाही. रोज सकाळी टेकडी, गार पाण्याने आंघोळ. दरवर्षी नवी लस काढतात याचा अर्थ गेल्या वर्षीची चालली नाही असाच होतो ना? देवीची लस एकदा घेतली, जन्माचं काम झालं. हिचं मात्र दर मे महिन्यात वर्गणीसारखं. धंदा आहे सगळा.

अर्धविराम | १९ मे, सकाळी ८:०५

काका, तुम्ही गेल्या वर्षीच्या पंचांगात यंदाची एकादशी बघता का? ते पंचांग चुकीचं नव्हतं, त्याचं वर्ष संपलं.

हा विषाणू स्वतःत सतत बारीकसारीक बदल करत राहतो. देवीचा तसा नव्हता, म्हणून ती लस पुरली. जगभरच्या प्रयोगशाळांतून नमुने गोळा होतात (आपल्याकडे पुण्याची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, त्यात आहे) आणि जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा सांगते की लसीत कोणते प्रकार घालायचे. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. शिवाय लसीने आलेली ताकद वर्षभरात उतरत जाते, म्हणून प्रकार तेच राहिले तरी पुन्हा घ्यावी लागते.

धागाकर्तीच्या आत्याबाईंचा घोळ मात्र फार जुना आहे आणि त्यात त्यांचा दोष नाही. बाळांना दीड महिन्याला पाच आजारांवरची जी पेंटाव्हॅलंट लस देतात तिच्यात 'हिब' असतं, म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बी. नावात इन्फ्लुएन्झा असला तरी तो जिवाणू आहे, मेंदुज्वर आणि न्यूमोनिया करणारा. फ्लूशी नातं फक्त नावाचं. झालं असं की १८९२ मध्ये फायफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला फ्लूच्या रुग्णांत हा जिवाणू सापडला आणि फ्लू यानेच होतो असं त्याने जाहीर केलं. खरा विषाणू माणसात सापडला १९३३ मध्ये, लंडनला. तोवर जिवाणूचं बारसं होऊन गेलेलं, ते नाव आजतागायत चिकटलंय. फ्लूची लस सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देतच नाहीत.

खमंग_चिवडा | १९ मे, सकाळी ९:२०

म्हणजे एका जर्मनाच्या चुकीमुळे पुण्यातल्या आत्या भांडतायत. वा!

मेडिकलवाला | १९ मे, दुपारी १:१०

आमचं मेडिकल आहे, तालुक्याच्या गावी. दोन गोष्टी सांगतो.

पहिली: खोक्यावर बघा. इंग्रजीत वर्ष आणि 'सदर्न' किंवा 'नॉर्दर्न हेमिस्फिअर' लिहिलेलं असतं. आत्ता मे महिन्यात घ्यायची तर सदर्न २०२५ ची मागा. गेल्या हिवाळ्यातला उरलेला माल कोणी देत असेल तर तारीख शिल्लक असली तरी नको म्हणा. भारत भूगोलाच्या पुस्तकात उत्तर गोलार्धात असला तरी आपल्याकडची मोठी साथ पावसाळ्यात येते, म्हणून ही भानगड.

दुसरी: लस २ ते ८ डिग्रीतच राहिली पाहिजे. गोठली तर बाद. आम्ही बर्फाच्या पिशवीत गुंडाळून देतो आणि थेट दवाखान्यात जा म्हणून सांगतो. गेल्या वर्षी एक ताई लस घेऊन गेल्या आणि तासाभराने मला मंडईत दिसल्या. पिशवीत खाली लस, वर दोन किलो आंबे. मी म्हटलं, "ताई, दवाखाना?" तर म्हणाल्या, "डॉक्टर साडेपाचला येतात, तोवर बाजार उरकते." ती लस मी त्यांना वापरू दिली नाही. नुकसान अर्धं अर्धं वाटून घेतलं.

कंदी_पेढा | १९ मे, दुपारी १:१८

आंबे कोणाकडे गेले?

मेडिकलवाला | १९ मे, दुपारी १:२५

ताईंकडेच. लस बाद झाली, आंबे नाही.

रेवडी | १९ मे, दुपारी ४:००

काका, 'धंदा' म्हणण्याआधी २००९ आठवा. तुम्ही कोथरूडला, मी नारायण पेठेत. ऑगस्टच्या सुरुवातीला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळकरी मुलगी होती. पुढच्या आठवड्यात शाळा, मॉल, थिएटर सगळं बंद. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगेत मी माझ्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन साडेचार तास उभी होते. तपासणीला आलेले आणि नुसते घाबरून आलेले एकाच रांगेत, एकमेकांच्या अंगावर शिंकत. सगळ्यांच्या हातात रुमालात बांधलेली कापूर-वेलचीची पुरचुंडी. नीलगिरीचं तेल आमच्या पेठेत संपलं होतं. मास्क कोणी मागेल त्या भावाने विकत होतं.

तेव्हा लस नव्हतीच. ती आली पुढच्या वर्षी. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची आलेली आठवतेय, ती घ्यायला तर माझी सासूसुद्धा तयार झाली, सुई नाही म्हणून. आणि आता पंधरा वर्षांनी लस मेडिकलच्या फ्रिजमध्ये पडून आहे, तर आपण ग्रुपवर विचारतोय घ्यावी की नको.

अवांतर: तो मुलगा आता वीस वर्षांचा आहे आणि लस म्हटलं की पळतो.

कोथरूडकाका | १९ मे, सायं. ६:४५

२००९ मी पाहिलंय. पण ती साथ वेगळी होती. तो स्वाइन फ्लू, हा साधा फ्लू. दोन्हींची गल्लत करू नये.

तापमापक | १९ मे, रात्री १०:३०

काका, हाच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. २००९ चा तो एच१एन१ कुठे गेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑगस्ट २०१० मध्ये महासाथ संपली म्हणून सांगितलं, म्हणजे तो आता दरवर्षी येणाऱ्या फ्लूंपैकी एक झाला. २०१५ ला देशात ४२ हजारांवर लोकांना झाला आणि जवळपास ३ हजार दगावले, ते यानेच. आजच्या प्रत्येक मोसमी लसीत त्याचा एक प्रकार असतो, दुसरा एच३एन२ चा, आणि बी गटातला. 'स्वाइन फ्लूची वेगळी लस द्या' म्हणून लोक अजून माझ्याशी वाद घालतात. वेगळी नसते.

डुकराचं मांस खाल्ल्याने होतो असंही तेव्हा पसरलं होतं. तसा होत नाही. माणसाकडून माणसाला, खोकल्या-शिंकण्यातून होतो. आणि लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून माणूस तो वाटत फिरत असतो.

नवापूरकर | १९ मे, रात्री ११:०५

खाण्याचा विषय निघालाच आहे तर. २००६ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू आमच्या नवापूरला सापडला, देशात पहिल्यांदा. आमची आठ हजार पक्ष्यांची शेड होती. पांढरे सूट घातलेली माणसं आली आणि दोन दिवसांत सगळं खड्ड्यात. आमचे पक्षी आजारी नव्हते, पण ठरवलेल्या अंतरात होते. त्याबद्दल तक्रार नाही, करायलाच हवं होतं. पण त्यानंतर राज्यभर लोकांनी कोंबडी खाणं सोडलं त्याला अर्थ नव्हता. शिजवलेल्या रश्श्यात विषाणू राहत नाही, ७० डिग्रीला मरतो. आपण तर कोंबडी रटरटा उकळतो. धोका असतो तो आजारी पक्षी हाताळणाऱ्याला. आम्ही चार भाऊ गोळ्या खाऊन दहा दिवस घरात बसलो होतो, आणि मुंबई-पुण्यातले लोक टीव्ही बघून अंडी फेकत होते.

आणि हो, दंडात घ्यायच्या लसीने बर्ड फ्लू टळत नाही. तो प्रकार त्यात नसतो.

शुद्ध_शाकाहारी | २० मे, सकाळी ७:५०

अंड्याच्या मुद्द्यावर कोणी बोलतच नाहीये. असतं की नाही त्यात?

अर्धविराम | २० मे, सकाळी ८:३०

विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, अनेक दशकांची पद्धत आहे. नंतर शुद्ध करताना अंड्यातली प्रथिनं जवळजवळ सगळी निघून जातात, अगदी लेशमात्र उरतात. अंड्याची अॅलर्जी असणाऱ्यांना पूर्वी ही लस देत नसत. आता अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी म्हणते की अंड्याच्या अॅलर्जीसाठी वेगळी काळजी घ्यायची गरज नाही. फ्लूच्याच लसीची आधी जोरदार रिअॅक्शन आली असेल तर मात्र सांगायला हवं. काही देशांत पेशींवर वाढवलेली, अंड्याशिवायची लसही मिळते.

धर्माचं म्हणाल तर ते ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या आजीने चातुर्मासात कॉडलिव्हर ऑइल घेतलं होतं, 'औषधाला दोष नाही' म्हणत.

खमंग_चिवडा | २० मे, सकाळी ८:४१

चतुर्थी टाळून घ्यावी. (हलकेच घ्या.)

जर्सीची_सून | २० मे, सकाळी (भारतीय प्रमाणवेळ, भाप्रवे)

इकडे ऑक्टोबर आला की औषधाच्या दुकानात किराणा घेता घेता बाही वर करायची, टोचून घ्यायची, वर कुपन मिळतं. इन्शुरन्समध्ये फुकट. तरी माझ्या ऑफिसातले अर्धे लोक घेत नाहीत आणि कारणं शब्दशः धाग्यातलीच देतात. "घेतली की मी आजारी पडतो." त्यामुळे हे आपल्या अडाणीपणाचं लक्षण वगैरे नाही. ६५ च्या वरच्यांना इकडे जास्त ताकदीची देतात, कारण त्या वयात शरीर लसीला फार दाद देत नाही.

माझा प्रश्न आहे. सासूबाई-सासरे दिवाळीनंतर इकडे येणार. त्यांनी मे मध्ये पुण्यात घेतली तर इकडे पुन्हा लागेल का?

तापमापक | २० मे, सकाळी ९:१०

मे ची लस पुण्याच्या पावसाळ्यासाठी. तिकडचा हंगाम हिवाळ्यातला आणि लसही उत्तर गोलार्धाची, काही वर्षी तिच्यातले प्रकार वेगळे असतात. त्या वयाला सहा महिन्यांनी जोरही उतरतो. तिकडे पोचल्यावर पुन्हा घ्यायला हरकत नाही, आधीच्या लसीची पावती जवळ असू द्या. माझे हजला जाणारे ज्येष्ठ रुग्ण निघण्याआधीच्या शिबिरात घेतात, हेतू तोच. गर्दीत जायचंय तर तिथल्या आजाराची तयारी करून जायचं.

सातनंबर_बस | २० मे, सकाळी ११:००

जीबीएसचं काय? धागाकर्तीने विचारलंय आणि सगळे अंड्यात अडकलेत. मी किरकटवाडीची, सिंहगड रस्त्याच्याच भागातली. आमच्या सोसायटीत जानेवारीत एक जण तीन आठवडे आयसीयूत होते. त्यामुळे यावर कृपया जोक नकोत.

अर्धविराम | २० मे, दुपारी १२:४०

नाही करत.

जानेवारीतली ती साथ दूषित पाण्यातून आली असं मानतात. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू मिळाला. आधी जुलाब, मग हातापायांतली ताकद जाणं. लसीशी संबंध नव्हता.

पण मावसभावाने ते हवेतून काढलेलं नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या भीतीने घाईत मोहीम घेतली, ४ कोटींवर लोकांना टोचलं, आणि दर लाखामागे साधारण एक जास्तीचा जीबीएस रुग्ण निघाला. मोहीम थांबवली. हे खरं आहे आणि लपवू नये. त्यानंतरच्या लसींमध्ये हे प्रमाण काही अभ्यासांत दहा लाखांमागे एक-दोन निघालं, काहींत निघालंच नाही. आणि खुद्द फ्लू झाल्यानंतर जीबीएस होण्याची शक्यता याहून जास्त आहे. आधी जीबीएस होऊन गेलेल्या माणसाने मात्र डॉक्टरशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

सातनंबर_बस | २० मे, दुपारी १२:५५

धन्यवाद. १९७६ चं सांगितलंत म्हणून पुढचं पटलं. नुसतं 'काही होत नाही' म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

कोथरूडकाका | २० मे, सायं. ७:००

बरं, एक सरळ विचारतो डॉक्टर. लस किती टक्के चालते?

तापमापक | २० मे, रात्री १०:५०

प्रकार नीट जुळले त्या वर्षी ४० ते ६० टक्के. नाही जुळले तर कमी.

कोथरूडकाका | २१ मे, सकाळी ६:२०

चाळीस टक्के! आमच्या वेळी पस्तीसला पास होते म्हणून वाचली तुमची लस. माणशी अठराशे, घरात पाच जण, वर्षाला नऊ हजार. सरकार का देत नाही मग फुकट, एवढी चांगली असेल तर?

तापमापक | २१ मे, दुपारी २:३०

नऊ हजारांचं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. माझे निम्मे रुग्ण ऐकून घेतात, मान हलवतात आणि जातात, कारण घरात तेवढे पैसे नसतात. २०१५ च्या साथीनंतर राज्य सरकारने गरोदर बाया, मधुमेही, रक्तदाबवाले यांना मोफत द्यायला घेतली. पण पुरवठा सगळीकडे, सगळ्या वर्षी सारखा नसतो. जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारून बघा.

पाचही जणांना परवडत नसेल तर आधी कोणाला, एवढं ठरवा. ६५ वरचे, साखर, दमा, हृदय, किडनी, गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल. (मूल पहिल्यांदा घेत असेल तर महिन्याच्या अंतराने दोन डोस.) टेकडी चढणारा धडधाकट माणूस यादीत शेवटी आला तरी चालेल, पण त्याच्या घरात दम्याचा पेशंट असेल तर तो वर सरकतो.

आणि पास-नापासाचं म्हणाल, तर लस घेऊनही फ्लू झालेले बहुतेक जण माझ्याकडे चालत येतात. न घेतलेला मधुमेही स्ट्रेचरवरून आलेला मी पाहिलाय. मृत्यूच्या दाखल्यावर 'फ्लू' क्वचित लिहितात. न्यूमोनिया लिहितात, हार्ट अटॅक लिहितात. कॅनडात ऑन्टारिओतला एक अभ्यास २०१८ ला आला होता. तपासणीत फ्लू निघाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकची शक्यता सहापट दिसली. हेल्मेट घालूनही हात मोडतो, डोकं वाचतं.

कंदी_पेढा | २१ मे, दुपारी २:३४

डॉक्टर, पुणेकरांना हेल्मेटचं उदाहरण? धाडस आहे.

मेडिकलवाला | २१ मे, दुपारी ३:१५

मला सांगायचंय ते वेगळंच. लसीला अठराशे महाग म्हणणारा माणूस दर पावसाळ्यात माझ्याकडून 'ती तीन गोळ्यांची पट्टी' नेतो. नाव येत नाही, गुलाबी खोकं एवढं सांगतो. अझिथ्रोमायसिन. चिठ्ठी नाही. नाही म्हटलं की समोरच्या दुकानातून घेतो. ती जिवाणूची गोळी, विषाणूवर शून्य उपयोग. २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ ची ओरड झाली तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने पत्रकच काढलं होतं की या तापाला अझिथ्रोमायसिन, अमॉक्सिक्लॅव्ह देत बसू नका, ताप तीन दिवसांत उतरतो, खोकला तीन आठवडे राहू शकतो. मी ते छापून काउंटरवर चिकटवलं. एका गिऱ्हाईकाने ते वाचलं, मान डोलावली आणि म्हणाला, "बरोबर आहे. द्या एक पट्टी."

रेवडी | २१ मे, दुपारी ४:१०

तीन आठवडे खोकला! पागोळी, हे तुझ्या बाबांसारखंच.

तापमापक | २१ मे, रात्री ९:००

फ्लूवर औषध आहेच, ऑसेल्टामिविर. पण सुरुवातीच्या ४८ तासांत घेतलं तर खरा उपयोग. आपल्याकडे पहिले दोन दिवस 'व्हायरल चालू आहे' म्हणण्यात जातात, तिसऱ्या दिवशी गुलाबी खोकं, पाचव्या दिवशी मी.

दुधावरची_साय | २२ मे, दुपारी १२:२०

सातव्या महिन्यात मला दिली होती. सासरी गहजब झाला. "पोटातल्या बाळाला सुई?" बाईंनी, म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाईंनी, सासूबाईंना आत बोलावून सांगितलं की सहा महिन्यांपर्यंत बाळाला लस देता येत नाही, तोवर आईच्या अंगातून जे मिळेल तेच त्याचं. सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "मग घरातल्या सगळ्यांनी घ्यायला नको का?" आणि सगळ्यांत आधी त्यांनीच घेतली.

मानमोडी_नको | २२ मे, रात्री ११:४५

आयडी बघून कळलं असेल. माझ्या पणजीच्या तोंडी हा शब्द होता. १९१८ च्या साथीला गावाकडे मानमोडी म्हणत. जूनमध्ये मुंबई बंदरात आली, आगगाडीने आत पसरली, आणि पावसाळा सरताना दुसरी लाट आली ती मारणारी. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं आहे की जनगणनेत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. म्हातारेकोतारे नव्हे, तरणीताठी माणसं गेली त्यात. पणजीचे दोन दीर एका आठवड्यात. तिचं एक वाक्य घरात अजून आहे, "पहिल्याला पोचवून आले तोवर दुसरा निजला होता."

काका, ती माणसं टेकडीच काय, रोज डोंगर चढत होती.

कोथरूडकाका | २३ मे, सकाळी ६:४०

वाचलं. मानमोडी आमच्याही घरात बोलत असत. तरी माझं मत मी लगेच बदलणार नाही. बघू.

संपादक_मंडळ | २३ मे, सकाळी १०:००

आर्सेनिक अल्बम आणि गोमूत्र यांवरचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.

पागोळी | ३ जून, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार, उशिरा येतेय. बरंच घडलं मधे.

तापमापक, तुम्ही महिना विचारला होतात. आईला आठवेना, पण आमच्या घरी आठवायची गरज नसते. आईकडे काजूकतलीचे रिकामे डबे आहेत, दर वर्षाला एक, आत औषधांची बिलं रबरबँड लावून. २०१९ चा डबा माळ्यावरून काढला. लसीची पावती निघाली, १३ जुलै. म्हणजे ऐन पावसात. आणि त्याच्याच मागे लागून आणखी एक बिल, ११ जुलै. खोकल्याचं औषध आणि पॅरासिटॅमॉलच्या दोन पट्ट्या.

म्हणजे खोकला आधी आला होता, लस नंतर. सहा वर्षं आम्ही उलटं सांगत होतो.

बाबा बराच वेळ बिल धरून बसले. मग म्हणाले, "मी खोकत असताना कसं काय टोचलं मला?" आई मात्र मागे हटायला तयार नाही. म्हणे, "ते माझ्या सर्दीचं बिल असेल." बिलावर नाव नाही. त्यामुळे खटला तिथेच.

तापमापक | ३ जून, रात्री १०:४०

साध्या खोकल्यात लस देता येते, चांगला ताप असेल तर पुढे ढकलतो. पण आईंचा मुद्दा कायद्याने बरोबर आहे. बिलावर नाव नाही म्हणजे नाही.

जर्सीची_सून | ४ जून, पहाटे ४:२० (भाप्रवे)

काजूकतलीच्या डब्यांसाठी साष्टांग नमस्कार. मग घेतली का शेवटी?

पागोळी | ७ जून, सायं. ५:३०

घेतली, दोघांनीही, आज सकाळी. बिलामुळे नाही. माझी बहीण या महिन्याच्या शेवटी तीन महिन्यांचं बाळ घेऊन राहायला येतेय, आणि मी दुधावरची_साय यांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला. मग बाबांना म्हणाली, "तुम्ही घेणार नसाल तर बाळाला हात लावायचा नाही."

खोक्यावर सदर्न २०२५ आहे का ते बाबांनी चष्मा लावून वाचलं, नर्स जरा चिडली. आता बाबांचा दंड दुखतोय, आईला काहीच नाही. पावती आई डब्यात टाकायला घेऊन गेली. मी नंतर उघडून बघितलं. मागच्या बाजूला तिने बॉलपेनने लिहून ठेवलंय, 'दोघांनाही आज खोकला नाही. ७/६.'

मेडिकलवाला | ७ जून, सायं. ६:०५

बॅच नंबर पण लिहून ठेवा म्हणावं.